अठरा शिक्के आणि एक शांत गाव

ते साल १९७९. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात कानाला लावून चालता चालता गाणी ऐकायचं यंत्र निघालं, म्हणून पुष्कळांना ते साल लक्षात आहे. मला लक्षात आहे ते त्याच्या आधीच्या हिवाळ्यामुळे. ते यंत्र सहा महिने आधी निघालं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. मी एक आणलं असतं, गाणं न लावता नुसतं कानाला लावलं असतं, आणि मला हवी होती ती शांतता घरबसल्या मिळाली असती.

आमची गल्ली सायतामात. या प्रांतात सगळं आहे, फक्त समुद्र नाही. घरं अठरा, नऊ या बाजूला, नऊ त्या बाजूला, आणि भिंती अशा की शेजारच्या इनागाकीबाईंकडचा सारात घालायचा मिसो संपला की ते आम्हाला त्यांच्या आधी कळायचं. घरात आम्ही तिघं: सासूबाई, मी आणि आमचे हे. हे म्हणजे हायासे तोकुझो. नगरपालिकेत शिक्क्यांच्या नोंदणीच्या खिडकीवर. आमच्याकडे सहीच्या जागी ज्याच्या त्याच्या नावाचा शिक्का चालतो. कुणी घर घेतलं, जमीन विकली, की आपला शिक्का खरा असल्याचा दाखला न्यायला त्या खिडकीवर यायचं. शिक्का बदलायचा किंवा रद्द करायचा तरी तीच खिडकी. लग्नाआधीपासून हे तिथेच बसत. "न वाचता शिक्का मारला तर दोष मारणाऱ्याचा," हे वाक्य दिवसातून निदान दहादा म्हणत. बाकी फारसं बोलत नसत. देवाने माणसाला दिवसाचे म्हणून जे शब्द मोजून दिलेले असतात, ते हे खिडकीवरच संपवून येत आणि घरी येताना मान तेवढी घेऊन येत, हो किंवा नाही म्हणायला.

मला एक प्रश्न विचारायचा होता. बावीस वर्षं विचारायचा होता. आमचा बघण्याचा कार्यक्रम झाला तेव्हा दीड तास हे एक शब्द बोलले नाहीत. माझ्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. माझी आई घरी येऊन म्हणाली, विसरून जा हे स्थळ. आणि तिसऱ्या दिवशी मध्यस्थबाईंचा निरोप आला, मुलाकडून होकार आहे. का? काय पाहून? हे विचारायला मधुचंद्र बरा होता, पण गरम झऱ्यांच्या गावी आमच्याबरोबर सासूबाई होत्या. त्यांचे गुडघे दुखायचे, आणि झरे काय रोज रोज बघायला मिळतात. परतीच्या गाडीत हे मला हळूच म्हणाले होते, "एकदा हिवाळ्यात समुद्रावर जाऊ. दोघंच. हिवाळ्यात तिथे कुणी नसतं." लग्नानंतरचं त्यांचं सर्वांत लांब वाक्य ते. मी ते बावीस वर्षं जपून ठेवलं होतं.

त्या जानेवारीत मी ते वाक्य बाहेर काढलं. हे मान हलवून हो म्हणाले. फेब्रुवारीत तीन दिवस लागून सुट्टी येत होती, शनिवारची अर्धी रजा तेवढी टाकायची होती. त्या अर्ध्या रजेवर तीन साहेबांचे शिक्के लागले, पण मिळाली.

आता गाव ठरवायचं. दुसरा कुणी असता तर स्टेशनवरची रंगीत पत्रकं आणून ठरवलं असतं. यांनी तक्ता आखला. बोसोच्या किनाऱ्यावरची तीन लहान गावं, आणि प्रत्येक गावाची अठरा मुद्द्यांवर परीक्षा. तिन्ही गावांच्या कचेऱ्यांना रीतसर पत्रं गेली. आपल्याकडे मासळीबाजार आहे काय, असल्यास ओरडा किती वाजता सुरू होतो. शाळेची घंटा किनाऱ्यावर ऐकू येते काय. संध्याकाळी पाचला गावच्या भोंग्यावर गाणं लावतात काय, लावत असल्यास पूर्ण लावतात की अर्धं. शिरासेचं उत्तर आलं: बाजार पहाटे चारला. शिरासेच्या ओळीत फुल्या पडल्या. कामेउराने कळवलं की गाणं पूर्ण लावतात आणि गावाला त्याचा अभिमान आहे. कामेउराला त्रिकोण, म्हणजे अगदीच नाइलाज असेल तर. तिसऱ्या ओकिहामाचं उत्तर सगळ्यांत उशिरा आलं, तेही चार ओळींचं. बाजार नाही. शाळा गेल्या वर्षी बंद झाली. भोंगा दोन वर्षांपासून बिघडला आहे. दुरुस्तीचा विचार नाही.

हे पत्र वाचताना मी यांना हसताना पाहिलं. ओठ हलले नाहीत, पण चष्मा थोडा वर गेला. लगेच ओकिहामाच्या एका राहण्याजेवणाच्या खाणावळीत फोन करून दोघांसाठी समुद्राकडची खोली सांगून टाकली. तक्त्यात तारखा लिहिल्या, खाणावळीचं नाव लिहिलं, वर टोकाला सुंदर अक्षरात मथळा दिला, "हिवाळी समुद्रसहल: ठिकाणाची निवड". ओकिहामापुढच्या अठरा चौकोनांत पसंतीचे अठरा गोल काढायचे तेवढे राहिले. ते उद्यावर ठेवले. सुख माणसाने पुरवून पुरवून खावं, असं त्यांना वाटत असावं.

तक्ता रात्रभर खाली शेगडी आणि वर पांघरूण असलेल्या गरम मेजावर पडून राहिला, आणि त्याच मेजावर फिरती पाटी होती.

फिरती पाटी म्हणजे पुठ्ठ्याची एक पाटी, वर चिमटा, चिमट्यात नगरपालिकेच्या आणि गल्लीच्या सूचना. पाटी घरोघर फिरते. आपल्या घराच्या चौकोनात शिक्का मारायचा आणि पाटी पुढच्या घरी नेऊन द्यायची. मधे ती वाचायची, असाही एक नियम आहे म्हणतात. पाटी आपल्या घरी मुक्कामाला राहणं म्हणजे सासूबाईंच्या मते घराण्याला बट्टा. सकाळी उठल्या, पाटी दिसली, तिच्याशेजारी पडलेला कागद दिसला, तो त्यांनी नीटनेटकेपणाने चिमट्यात घातला, मोकळा चौकोन दिसला त्यात हायासेंचा शिक्का मारला, आणि आम्ही दोघं तोंड धूत होतो तोवर पाटी इनागाकीबाईंच्या दारात.

पाटी चार दिवसांनी परत आली. ओकिहामापुढच्या अठरा मोकळ्या चौकोनांत अठरा लालभडक शिक्के. आमचे प्रश्न अठरा आणि गल्लीतली घरंही अठरा, याला योगायोग म्हणतात. मी दुसरा शब्द वापरते, पण तो छापत नाहीत.

आणि पाटीच्या पाठोपाठ उदागावासान आले. हे आमच्या गल्लीचे प्रमुख. रेल्वेत स्टेशनमास्तर होते. निवृत्त होताना टोपी परत केली, शिट्टी केली नाही. गल्लीने आपण होऊन काही ठरवावं म्हणून हा गृहस्थ सहा वर्षं झुरत होता. दारात उभे राहून त्यांनी मला तीनदा वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, हायासेसाननी काय सुंदर आखणी केली आहे, भोंग्याचासुद्धा विचार केलाय. बस ठरवून झाली होती. खाणावळीला फोनही झाला होता. खाणावळीत खोल्या सहाच, पण मालकीणबाई म्हणाल्या होत्या, वरचा दिवाणखाना उघडून देते. हिवाळ्यात एवढी माणसं त्यांनी पंधरा वर्षांत पाहिली नव्हती.

मी यांना म्हटलं, अहो, जा आणि सांगा त्यांना की चूक झाली. हे गेले. चूक सांगायला गेलेला माणूस पाऊण तासाने सहल समितीचा उपप्रमुख होऊन परत आला. काय झालं ते तुकड्यातुकड्यांनी काढून घ्यावं लागलं. यांनी म्हणे सांगितलं की लोकांनी न वाचता शिक्के मारलेत. त्यावर उदागावासाननी तक्ता पुढे धरला आणि शांतपणे विचारलं, "न वाचता शिक्का मारला तर दोष कुणाचा, हायासेसान? तुमच्याच खिडकीवर ऐकलं होतं मी, घर विकलं तेव्हा."

हे काय म्हणणार? "मारणाऱ्याचा," म्हणाले. दुसरं उत्तर दिलं असतं तर दुसऱ्या दिवशी कोणत्या तोंडाने खिडकी उघडली असती.

बातमी आता राजरोस झाली आणि सल्ले सुरू झाले. इनागाकीबाई रोज सकाळी झाडू घेऊन दारात. त्यांच्या मते हिवाळ्यातला समुद्र गुडघ्यांना वाईट, सुकी मासळी पोटाला वाईट, आणि शांतता रक्तदाबाला. त्यांचे एक चुलत दीर शांत ठिकाणी गेले आणि तिथून हाय खाऊन आले. "वहिनी, माणसाला काहीतरी ऐकू यायला हवं," त्या म्हणत. "नाहीतर स्वतःचंच डोकं ऐकू येतं." त्यांना स्वतःला कधी ही अडचण आली असेल असं मला वाटत नाही. दुसरीकडे सासूबाईंनी गुडघ्यांना पट्टे शिवायला घेतले. आमच्या दोघांच्या नावाने सांगितलेली समुद्राकडची खोली आता सासूबाई आणि इनागाकीबाई यांना द्यायचं ठरलं, वयाचा मान म्हणून. मी आणि हे वर, दिवाणखान्यात, तीस जणांबरोबर. पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या.

हे पाहून माझ्यातली कैकेयी म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा, जागी झाली. बावीस वर्षं जपलेला प्रश्न मी काय दिवाणखान्यात पडद्यावरून ओरडून विचारू?

मी ठरवलं, पाटीने दिलेलं दुःख पाटीनेच निवारायचं. नवा कागद घेतला. वर सुरेख अक्षरात लिहिलं: "थंडी कडाक्याची असली तरी आलुबुखाराच्या कळ्या फुगू लागल्या आहेत. अशा या सुरेख दिवसांत आपण सर्व जण कुशल असाल, याचा आम्हाला मनःपूर्वक आनंद आहे." पत्राला हवामान लागतंच. सभ्य माणूस दोन ओळी हवामान लिहितो, मी आठ लिहिल्या. कळ्या, दव, धुकं, आजीआजोबांच्या तब्येती. नवव्या ओळीत लिहिलं की ओकिहामाच्या सहलीला काही कारणाने जे येऊ शकत नसतील त्यांनी खाली शिक्का मारावा. आमच्या गल्लीत हवामानाच्या तिसऱ्या ओळीपुढे कधी कुणी गेलेलं नाही हे मला पक्कं माहीत होतं. खाली लिहिलं, सहल समिती, उपप्रमुख, हायासे तोकुझो. आणि फडताळातून यांचा शिक्का काढून नावापुढे मारला. त्यानंतर सवयीने आमच्या घराच्या चौकोनातही एक मारला.

पाटी गेली. तीन दिवसांनी परत आली. अठरा शिक्के. अठराच्या अठरा घरं समुद्राला येऊ शकत नव्हती.

मी स्वयंपाकघरात एकटीच नाचले. पन्नाशीला आलेल्या बाईने नाचू नये, पण दार लावलेलं होतं. म्हटलं, बस रद्द, दिवाणखाना रद्द, आणि आपण दोघं मुकाट्याने रेल्वेने निघून जाऊ.

उदागावासान स्टेशनमास्तर होते हे मी विसरले. एकाच रुळावर दोन गाड्या आल्या तर काय करायचं हे त्यांना चांगलं माहीत होतं. कागदावर विश्वास न ठेवता त्यांनी घरोघर जाऊन तोंडी विचारलं. प्रत्येक घराने आश्चर्याने म्हटलं, येणार नाही? कोण म्हणतं? आम्ही तर लोकरीचे मोजेसुद्धा आणले. सतरा घरांनी कबूल केलं की आपण न वाचता शिक्का मारला, दोष आपला, माफी असावी. मग ते आमच्याकडे आले. कागद पुढे ठेवला. मोठ्या दुःखाने म्हणाले की बाकीच्यांनी वाचला नव्हता. पण हायासेसान, हा तर तुम्हीच लिहिला आहे. लिहिणाऱ्यानेच वाचला नाही असं कसं म्हणणार?

याला आमच्याकडे हात दाखवून अवलक्षण म्हणतात.

यांनी कागद हातात घेतला. कळ्यांपासून धुक्यापर्यंत सगळं वाचलं. मग शेवटी आपला शिक्का पाहिला. बराच वेळ पाहिला. मग उदागावासानना म्हणाले, "शिक्का माझा आहे. आम्ही येणार नाही."

उदागावासान गेल्यावर मी बोलायला तोंड उघडलं, तर हे हात धुवायला उठून गेले. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पहिला दिवस तर माझ्या लक्षातच आला नाही. दुसऱ्या दिवशी चहा देताना लक्षात आलं, कारण मानसुद्धा हलत नव्हती. दुसऱ्या कुणाच्या नवऱ्याचा शिक्का वापरला असता तर चोरी झाली असती, यांचा वापरला म्हणजे देवळात चोरी. मी मेजाशी हात टेकून, कपाळ चटईला लावून माफी मागितली. हे म्हणाले, "आठ ओळी हवामान." एवढंच. मला कळेना ही शिक्षा आहे की काय आहे.

तर असं झालं की आमच्या सहलीला आमच्याखेरीज सगळी गल्ली निघाली. सासूबाईसुद्धा. त्यांचं म्हणणं होतं, मी कुठे काही लिहून दिलंय? शनिवारी सकाळी साडेसातला बस गल्लीच्या तोंडाशी लागली. यांची अर्धी रजा मंजूर होती. तीन शिक्क्यांची रजा परत करायला पाच शिक्के लागतात, म्हणून हे घरीच. आम्ही निरोप द्यायला दारात उभे. एवढ्यात इनागाकीबाई किल्ली घेऊन आल्या.

"वहिनी, तुम्ही घरीच आहात ना? माझं कोंड्याचं पीप आहे ओट्याखाली. रोज एकदा हाताने खालवर करायचं. दुसरं काही नाही."

तांदळाच्या कोंड्यात मीठ घालून मुरवलेलं ते पीप प्रत्येक घरात असतं. त्यात काकडी, मुळा पुरायचा, दुसऱ्या दिवशी लोणचं तयार. कोंडा रोज हाताने ढवळावा लागतो, नाहीतर रुसतो. हिवाळ्यात दोन दिवस नाही ढवळला तरी काही बिघडत नाही हे मला माहीत होतं, इनागाकीबाईंना माहीत होतं. पण त्यांचा कोंडा त्यांच्या आजेसासूपासून चालत आलेला. मी किल्ली घेतली. ते मागच्या बाईने पाहिलं, तिच्या मागच्या बाईने पाहिलं. घरचं झालं थोडं आणि व्याह्यांनी धाडलं घोडं, तशी गत. बस सुटेपर्यंत माझ्या एप्रनच्या खिशात सतरा किल्ल्या झाल्या. उदागावासाननी बसच्या पायरीवरून शिट्टी फुंकली, सासूबाईंनी खिडकीतून हात हलवला, आणि बस वळणावर दिसेनाशी झाली.

गल्लीत असा आवाज झाला की मी दचकले. मग कळलं, तो आवाज नव्हता. शांतता होती.

सतरा घरांत कुणी नाही. कुणी खोकत नाही, कुणी मिसोवरून भांडत नाही, रेडिओ नाही. दूर कुठेतरी सायकलची घंटा वाजली, ती आमच्या अंगणात वाजल्यासारखी वाटली. हे दारात उभे राहून ऐकत होते. मग आत गेले आणि एक नवा कागद घेऊन बसले. तक्ता आखला. सतरा घरं, पीप कुठे, किल्ली कोणती, कोंडा किती हात खोल.

"अहो, तुम्ही कशाला?" मी म्हटलं. पुरुषमाणूस कोंड्यात हात घालतो असं मी तोवर ऐकलं नव्हतं.

"सतरा आहेत," हे म्हणाले आणि बाह्या वर करायला लागले.

दुपारचं जेवण उरकून आम्ही निघालो. घरोघर पाटी फिरते तसे. पहिल्या घरात यांनी दोन बोटं कोंड्यात घातली, जशी काही आत मांजर असेल. तिसऱ्या घरात मनगटापर्यंत. पाचव्या घरी कोपरापर्यंत हात गेला आणि चष्मा जरा वर गेला. उदागावांकडचं पीप घट्ट, एका रेषेत दाबलेलं. हे मला न विचारता म्हणाले, "वेळापत्रकासारखं आहे." मी थांबून पाहिलं. न विचारता! कोपऱ्यावरच्या तोफूवाल्यांचा कोंडा ओला निघाला, त्यावर हे म्हणाले की यांचा शिक्काही नेहमी ओलाच बसतो, पसरतो. मग एकेका घराच्या कोंड्याबद्दल बोलू लागले, आणि त्या घराच्या शिक्क्याबद्दल, आणि कोण केव्हा काय विकायला खिडकीवर आलं होतं आणि कोण विकताना रडलं होतं. बावीस वर्षांत जेवढं बोलले नव्हते तेवढं त्या चार तासांत बोलले असतील. मी कोंडा ढवळत होते आणि ऐकत होते. मधे बोलायचा मोह मी कसा आवरला, ते माझं मला माहीत.

शेवटचं घर इनागाकीबाईंचं. पीप मोठं, दोघांनी एकदम ढवळावं लागलं. चारही हात कोपरापर्यंत कोंड्यात. मला वाटलं, हीच वेळ. यांना आता वर्तमानपत्र उचलता येणार नाही, हात धुवायला उठून जाता येणार नाही.

"अहो," मी म्हटलं. "तुम्ही होकार का दिलात?"

"कशाला?"

"मला. बघायला आला होतात तेव्हा. तोंडातून शब्द काढला नाहीत."

ढवळणारे हात थांबले. यांनी तोंड उघडलं, आणि पाच वाजले. आमच्या गावचा भोंगा बिघडलेला नव्हता. संध्याकाळचं गाणं सुरू झालं, आणि आमच्याकडे ते पूर्ण लावतात. रिकाम्या गल्लीत ते असं घुमलं की ओट्यावरच्या वाट्या थरथरल्या. आम्ही दोघं कोंड्यात हात घालून तसेच बसलो, आता गाणं संपणार, आता संपणार म्हणत. शेवटचं कडवं दोनदा असतं हे मी तोवर कधी लक्षात घेतलं नव्हतं.

गाणं संपलं.

"तू जांभई दिलीस," हे म्हणाले.

"मी?"

"बाहीआड. तुझी आई बोलत होती, माझी आई बोलत होती, मध्यस्थबाई बोलत होत्या. दीड तास. तेव्हा तू बाहीआड जांभई दिलीस. मला वाटलं, या खोलीत बोलण्याचा कंटाळा आलेलं माझ्याशिवाय आणखी एक माणूस आहे. मला वाटलं, ही कमी बोलणारी असेल."

बावीस वर्षं! आदल्या रात्री नवा किमोनो शिवत जागले होते म्हणून जांभई आली होती.

"मग कधी कळलं?"

"मधुचंद्राला. जातानाच्या गाडीत."

"म्हणजे चूक झाली म्हणायची."

"न वाचता शिक्का मारला." हे पुन्हा ढवळू लागले. मग खाली कोंड्याकडे बघत म्हणाले, "रद्द करायची खिडकी माझीच आहे. बावीस वर्षं तिथेच बसतोय. तो अर्ज मी कधी घेतला नाही."

यानंतर मी काही बोलले नाही. मी बोलले नाही, हे ज्यांना मी माहीत आहे त्यांना खरं वाटणार नाही, पण इनागाकीबाईंचं पीप साक्षी आहे. राहिलेले दोन दिवस आम्ही तसेच काढले. सकाळी एक फेरी, मग मधल्या रस्त्यावर, जिथे उभं राहिलं तर एरवी तीन बायका विचारायला येतात, तिथे दोन खुर्च्या टाकून संत्री सोलत बसायचं. समुद्र नव्हता. बाकी सगळं तक्त्यातल्यासारखं होतं.

सोमवारी संध्याकाळी बस परत आली. सगळे उतरले ते घसा बसलेले. ओकिहामा इतकं शांत, इतकं शांत की कुणाला झोपच लागेना, मग सगळे दिवाणखान्यात बसून गाणी म्हणत राहिले. सासूबाई म्हणाल्या, "समुद्राकडची खोली म्हणजे खिडकीतून नुसता समुद्र. दुसरं काही दिसतच नाही." प्रवासाहून आलेल्या माणसाने शेजाऱ्याला भेट आणायचीच. ओकिहामात दुकान एकच आणि त्यात माल एकच. आमच्याकडे वाळवलेल्या बांगड्याची सतरा पुडकी आली. आम्ही मे महिन्यापर्यंत बांगडाच खात होतो.

खरा भूकंप मंगळवारी झाला. इनागाकीबाईंनी काकडी काढली, चाखली आणि सुरी टाकून आमच्या दारात आल्या. त्यांच्या आजेसासूच्या कोंड्याची चव गेली होती. तासाभरात तोफूवाल्यांची बाई आली, मग उदागावांची. आम्ही तीन दिवस एका घरातून दुसऱ्या घरात गेलो होतो, आणि मधे हात धुवायचं आम्हाला एकदाही सुचलं नव्हतं. बोलण्याच्या नादात. सगळ्या घराण्यांची सगळी चव सगळ्या पिपांत गेली होती. अठरा घरांचं लोणचं आता एकाच चवीचं होतं. मी मान खाली घालून उभी. शेवटी उदागावांची बाई काकडीचा दुसरा तुकडा चावत हळूच म्हणाली, "तसं वाईट नाहीये." आणि खरंच नव्हतं. आधीच्या प्रत्येक चवीपेक्षा जरा बरंच होतं, फक्त ते कुणी मोठ्याने म्हटलं नाही.

उदागावासाननी त्यानंतर प्रत्येक हिवाळ्यात सहल काढली, कधी बर्फाकडे, कधी देवळांकडे. गल्ली त्यांच्या शिट्टीवर जायची. ते गेले तेव्हा शिट्टी शवपेटीत ठेवावी की नाही यावर थोडा वाद झाला. ठेवली. इनागाकीबाई मुलाकडे उत्तरेला गेल्या, जाताना डबाभर कोंडा घेऊन गेल्या. तिथल्या शेजारणींना त्या सांगत, हा माझ्या आजेसासूचा. सासूबाई चौऱ्याण्णव वर्षं जगल्या आणि शेवटपर्यंत सांगत राहिल्या की मुलाने आपल्याला समुद्राकडची खोली घेऊन दिली होती. ओकिहामाच्या मालकीणबाई दर नव्या वर्षाला कार्ड पाठवत, वर हवामान, खाली, पुन्हा या. भोंगा अजून बिघडलेलाच आहे असंही एकदा लिहिलं होतं.

आम्ही दोघं ओकिहामाला कधी गेलो नाही. हे निवृत्त झाले तेव्हा मी विचारलं होतं, जायचं का? हे म्हणाले, "तिथे पीप कुठे आहे."

ते जाऊन आता अकरा वर्षं झाली. माणूस गेला की त्याच्या शिक्क्याची नोंद रद्द होते, असा नियम आहे. त्यांच्याच खिडकीवर मी गेले. आता तिथे एक तरुण मुलगी बसते. तिने कागद नीट वाचला, मला वाटतं दोनदा, आणि म्हणाली, आजी, नोंद रद्द झाली, पण शिक्का तुम्ही घरी ठेवू शकता. ठेवला आहे. पाटी आली की मी तोच मारते. गल्लीच्या पाटीला नोंद लागत नाही.

मागच्या आठवड्यात पाटी आली होती. वर कळ्यांबद्दल आणि दवाबद्दल काहीतरी सुंदर लिहिलं होतं. मी तिसऱ्या ओळीपर्यंत वाचलं, शिक्का मारला आणि पुढे दिली. काल उदागावांची नातसून दारात आली. म्हणाली, आजी, शनिवारी साडेसातला बस आहे, उशीर करू नका, खोली समुद्राकडची ठेवली आहे तुमच्यासाठी. मी विचारलं, कुठे? गावाचं नाव तिला पटकन आठवेना. म्हणाली, आहे एक बोसोकडे लहानसं. फार शांत आहे म्हणे.

मी लोकरीचे मोजे काढून ठेवले आहेत. पीप ढवळायला घराची किल्ली कुणाला द्यावी, तेवढं ठरायचं आहे.